सगळ्याला ‘नाही’ म्हण

आमच्या स्लेटर्स रनमध्ये माजी सैनिकांच्या क्लबात एमिल युर्को गेली तीस वर्षं मासे तळतोय, पण तो क्लबाचा सभासद नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासात दर शुक्रवारी नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं त्याच्या हातच्या कॉड माशासाठी रांग लावतात. पाद्रीसुद्धा रांगेत उभे असतात, आणि पुढं घुसायचा प्रयत्न करतात ते तर सांगायलाच नको. एमिल मात्र मागच्या दारानं आत येतो आणि मागच्याच दारानं घरी जातो. पुढच्या दारातून त्याला आजवर कुणी अडवलेलं नाही. त्याचं त्यालाच वाटतं, की ते दार लढून आलेल्यांचं.

मी लोरेटा. त्याच क्लबात बारमागं उभी असते. माझा नवरा नौदलात होता, तो गेला आणि त्याच्या जागी मी इथं चिकटले ती चिकटलेच. तोंडानं मी फटकळ आहे, हे गावाला ठाऊक आहे. एमिलला जास्तच, कारण बारच्या खिडकीतून त्याचा तळणीचा ओटा दिसतो आणि तीस वर्षं आम्ही त्या खिडकीतून भांडत आलोय.

एमिलचा जन्म बावन्न सालचा. त्याच्या वर्गातली पोरं व्हिएतनामला निघाली तेव्हा हाही भरतीच्या तपासणीला गेला होता. रांगेत उघडंबंब उभं असताना डॉक्टरनं विचारलं, काही त्रास आहे का? यानं भाबडेपणानं सांगून टाकलं, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. बघितलं तर कानाचा पडदा फाटलेला. झालं, घरी पाठवला. त्याच रांगेतले दोघं शवपेटीतून परत आले. एमिलचं तेव्हा खाटकाचं दुकान होतं; त्यांच्या आया पुढं कित्येक वर्षं तिथं मटण घ्यायला यायच्या आणि हा त्यांच्याकडं मान वर करून बघायचा नाही. अरे, तुझा काय दोष? असं मी शंभरदा म्हटलं असेन. ‘मी गप्प बसलो असतो तर गेलो असतो,’ एवढंच तो म्हणायचा.

त्याची बायको लवकर गेली. लेक होती, ती आपलं पाच वर्षांचं पोर बापाच्या दारात ठेवून फ्लोरिडाला गेली आणि पुन्हा फिरकली नाही. कोर्टानं पोरीचा कायदेशीर पालक म्हणून एमिलचं नाव लावलं. ती पोर म्हणजे कोरिन. आजोबाला ती पॅप म्हणते, आमच्याकडं सगळी नातवंडं तसंच म्हणतात. उंच, सडसडीत, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कॅप्टन. अभ्यासात इतकी हुशार, की एमिलला तिच्याशी काय बोलावं हेच कळेनासं झालं होतं. सप्टेंबरात गवताला तुरे आले की तिला धाप लागायची आणि ती दम्याचा पंप ओढायची. एरवी तो कपाटात पडून असायचा.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिनं सैन्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज केला. कॉलेजची सगळी फी सैन्य भरतं. शिकता शिकता पहाटे उठून कवायत करायची आणि पदवी हातात पडली की अधिकारी म्हणून काही वर्षं नोकरी करायची. तिनं कॉलेज निवडलं तेही असं, की आमच्या गावानं त्याचं नाव फक्त सदऱ्यावर छापलेलं बघितलेलं. तिथं आणखी एक सोय होती: ही शिष्यवृत्ती मिळवून येणाऱ्या पोरांना कॉलेज राहणं-जेवणही फुकट देतं. ती मुलाखतीला गेली. तिथल्या कॅडेटांच्या प्रमुख मेजर सालास म्हणून एक बाई आहेत, त्यांनी घेतली. जानेवारीत शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं कळलं. अट दोन गोष्टींची: कॉलेजनं आपल्या हिशेबानं प्रवेश द्यायला हवा, आणि वैद्यकीय तपासणीत पास व्हायला हवं.

त्या दिवशी एमिल पहिल्यांदा बारच्या पुढच्या बाजूला येऊन बसला. सगळ्यांना त्यानं बिअर पाजली. वेंडल क्रॉस, म्हणजे आमच्या क्लबाचा अध्यक्ष, उठून उभा राहिला आणि म्हणाला, “युर्कोंच्या घरात लेफ्टनंट! एमिल, आता तुला तिला सलाम ठोकावा लागेल, लेका.”

“ठोकीन की,” एमिल म्हणाला. “रोज ठोकीन.”

“तपासणी कधी आहे?”

“पुढच्या आठवड्यात. आधी प्रश्नांची उत्तरं भरायची आहेत. हे झालं होतं का, ते झालं होतं का.”

“सगळ्याला ‘नाही’ म्हणायचं!” वेंडल ओरडला आणि बारवरचे सगळे म्हातारे एका सुरात हसले. “मला विचारलं, झोपेत चालतोस का? नाही. दारू पितोस का? नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी नाव विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.”

आमच्या क्लबातली ही फार जुनी चेष्टा आहे. भरती झालेला प्रत्येक जण ती सांगतो, ऐकणारा हसतो आणि ग्लास उचलतो. एमिलही हसला. पण तो ती घरी घेऊन गेला.

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. जेवणाच्या टेबलावर कोरिन उत्तरं भरत होती आणि हा शेजारी बसला होता. श्वासाचा प्रश्न आला. तेराव्या वाढदिवसानंतर कधी दमा, कधी पंप? कोरिन थांबली.

“पॅप, यात पंपाचं विचारलंय.”

“नाही म्हण.”

“पण मी तर घेते ना.”

“वर्षातून चार वेळा नाक वाहतं म्हणून घेतेस. त्याला काय दमा म्हणतात? नाही म्हण.”

“आणि विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे? पोरी, मी एकदा हो म्हटलं होतं. जन्मभर मासे तळतोय. नाही म्हण.”

पोरीनं त्याच्याकडं बघितलं आणि ‘नाही’ म्हटलं. पुढच्या दोन प्रश्नांतही तेच वेगळ्या शब्दांत विचारलं होतं, तिथंही ‘नाही’. तपासणीच्या दिवशी थंडी कडक होती, गवत बर्फाखाली होतं, छातीत जराही घरघर नव्हती. पास.

आता त्याच सुमाराला शाळेतल्या बाई सगळ्या पालकांच्या मागं लागल्या होत्या, की कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरा, फेब्रुवारीत मुदत संपते. मीही एमिलला खिडकीतून म्हटलं, “भरलास का रे तो अर्ज?”

“कशाला? सैन्य देतंय ना सगळं.”

“अरे, पण सगळेच भरतात. शिष्यवृत्तीवाले पण भरतात. उद्या काही झालं तर?”

“काय व्हायचंय?” तो कढईत मासा सोडत म्हणाला. “सैन्याचा पैसा ती कमावून घेणार आहे, लोरेटा. दुसरा पैसा म्हणजे हात पसरणं. माझी कमाई किती, घरात काय आहे, काय नाही, हे सगळं अनोळखी माणसाला लिहून द्यायचं. मला नाही जमायचं.”

“तुझ्याकडं काय टाकसाळ आहे?”

“नाही. म्हणूनच जमायचं नाही.”

मी म्हटलं, मर तिकडं. आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

त्यानंतर त्यानं जे केलं त्याची लाज त्याच्या आधी मला वाटली. आमच्या मुख्य रस्त्यावर विजेच्या प्रत्येक खांबाला गावातल्या एकेका सैनिकाचं चित्र टांगलेलं आहे. गणवेशातला फोटो, खाली नाव, कुठल्या युद्धात होता ते. माझा नवराही आहे, औषधाच्या दुकानासमोर. एमिलनं कोरिनचं चित्र करवून घेतलं. व्हॉलीबॉलच्या संघातला फोटो, मागं झेंडा, खाली ‘कोरिन युर्को, अमेरिकी सैन्य’. वेंडल माझ्यापाशी येऊन कुरकुरला, “अजून सैन्याच्या बुटाची नाडी नाही बांधली पोरीनं, आणि थेट खांबावर?”

“मग नाही म्हण ना. अध्यक्ष आहेस.”

“तीस वर्षं खाल्लेत त्याचे मासे. कसं म्हणू?”

चित्र लागलं, बँकेसमोर. कोरिन त्या दिवसापासून शाळेला मागच्या गल्लीनं जायला लागली. एमिलला वाटलं, लाजते. तो स्वतः मात्र रोज बँकेसमोरून जायचा, काम असो नसो.

मार्चअखेर कॉलेजचा प्रवेशही आला. आता काही राहिलंच नाही असं गावाला वाटलं. नव्या कॅडेटांना एप्रिलात एक दिवस कॉलेजात बोलावलं होतं. कोरिन बसनं एकटीच गेली. तिथं मेजर सालासनी पोरांना जमवून सांगितलं, की अधिकारी म्हणजे ज्याच्या एका वाक्यावर चाळीस माणसं पाऊल टाकतात. तो ‘पूल भक्कम आहे’ म्हणाला की ती पुलावर जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून इथं खोटं चालत नाही, बारीकसं पण नाही. सगळी पोरं जेवायला गेली आणि कोरिन तिथंच उभी राहिली.

सोमवारी दुपारी ती क्लबात आली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. एमिल आत बटाटे सोलत होता. ती सरळ त्याच्या ओट्याशी गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं, “पॅप, मी मेजर मॅडमना सांगितलं. पंपाचं.”

त्याच्या हातातली सुरी थांबली.

“त्या म्हणाल्या, नुसता पंप असता तर बहुतेक सूट मिळाली असती. मिळते म्हणे, पुष्कळांना मिळते. पण मी तीन ठिकाणी ‘नाही’ लिहून सही केली. आता शिष्यवृत्ती अडकलीये. त्या वरिष्ठांना पत्र लिहिणार आहेत, की पोरगी आपणहून आली, सगळं खरं बोलली, तिला एक संधी द्या. मिळेल असं वाटतं म्हणाल्या. नक्की नाही.”

कोरिन जरा पुढं झाली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं होतं का असं लिहायला. मी नाही म्हटलं. तुझं नाव नाही घेतलं मी, पॅप.”

मी खिडकीत उभी होते. मला वाटलं, आता हा सुरी टाकेल, पोरीला जवळ घेईल, चुकलो म्हणेल. काहीतरी म्हणेल! आणि हा बाबा काय म्हणाला? “बटाटे काळे पडतील.” एवढं म्हणून पुन्हा सोलायला लागला. पोरगी मागच्या दारानं निघून गेली.

मी आत गेले. “एमिल, तुझं पाप ती पोरगी डोक्यावर घेऊन फिरतेय आणि तू बटाटे सोलतोयस?”

“कुठल्या तोंडानं बोलू?”

“आहे त्याच तोंडानं! दुसरं कुठून आणणार आहेस?”

त्याचे कान लाल झाले होते, दोन्ही, ऐकू येणारा आणि न येणारा. “ती बाई तिला खोटारडी समजत असेल,” तो म्हणाला. “माझ्या पोरीला.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानं उघडी असताना, त्यानं बँकेसमोर शिडी लावली. मी समजले की कोरिनचं चित्र उतरवायला. मीही दारात येऊन उभी राहिले, बँकेतली माणसं काचेशी आली, न्हाव्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक गळ्यात फडकं बांधलेलंच बाहेर आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस शिडीवर थरथरतोय आणि एकानंही विचारलं नाही काय झालं, कारण आदल्या रात्रीच बारवर सगळ्यांना कळलंच होतं. वेंडल रस्ता ओलांडून आला आणि शिडी धरून उभा राहिला. त्यानं टोमणा मारला असता तर एमिलला बरं वाटलं असतं.

एमिल खाली उतरला तेव्हा वेंडल म्हणाला, “माझी चेष्टा होती रे ती. मला काय माहीत तू—”

“चेष्टा तुझीच होती,” एमिल म्हणाला. “घरी मी नेली.”

मग त्यानं ठरवलं. मेजर बाईंसमोर जायचं आणि सांगायचं, की दोष माझा, पोरीचा नाही. एका कानानं महामार्गावर गाडी चालवायचा त्याला धीर होत नाही, म्हणून मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, उशिरा का होईना, शहाणपण आलं. कोरिनला खरं सांगितलं असतं तर ती आलीच नसती, म्हणून तिला म्हणाला, “कॉलेजात पैशांचं विचारून येऊ. चल.”

वाटेत तो आपल्या ठेवणीतल्या कोटाची बटणं लावत होता आणि काढत होता. तो कोट त्यानं बायकोच्या अंत्यविधीला घातला होता. कॉलेजात पोचल्यावर तो उजवीकडं वळायच्या ऐवजी झेंडा लावलेल्या, कॅडेटांच्या इमारतीकडं चालू लागला. कोरिन थबकली. “पॅप, पैशांचं ऑफिस तिकडं आहे.”

“आधी इथं.”

“पॅप, नको.”

“पोरी, मला करू दे.”

“पॅप, नको ना! ऐक माझं!”

त्यानं ऐकलं नाही. ती डाव्या बाजूला होती, पण ते कारण नव्हतं.

मेजर सालास बुटक्या, केस मागं घट्ट बांधलेल्या, चाळिशीच्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. एमिल बसेना. मला त्यानं उजव्या हाताला उभं केलं, ऐकू आलं नाही तर सांगायला. टोपी दोन्ही हातांत धरून म्हणाला, “मॅडम, मी एमिल युर्को. कोरिनचा आजोबा. तिनं जे ‘नाही’ लिहिलं ते मी लिहायला लावलं. ती हो लिहीत होती. मी नको म्हटलं. तिची काही चूक नाही. जी काय शिक्षा ती मला करा.”

एका दमात बोलला. आयुष्यात इतकं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला, खरं सांगते.

मेजर त्याच्याकडं बघतच नव्हत्या. त्या कोरिनकडं बघत होत्या.

“मी तुला त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता,” त्या म्हणाल्या. “काय विचारलं होतं?”

“कुणी सांगितलं होतं का, असं, मॅडम.”

“तू काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले, मॅडम.”

“आणि आता?”

पोरीची मान लालभडक झाली. तिला अजूनही सुटता आलं असतं. पॅप म्हातारे झालेत, मला वाचवायला काहीतरी बोलताहेत, एवढंच म्हटलं असतं तर झालं असतं. मला दिसत होतं, की तिच्या ओठावर ते आलंय. तिनं एमिलकडं बघितलं, मग मेजरकडं.

“त्यांनी सांगितलं होतं, मॅडम.”

“म्हणजे खरं सांगायला माझ्यासमोर आलीस आणि त्याच ठिकाणी उभं राहून पुन्हा खोटं बोललीस.”

“हो, मॅडम.”

“अहो, ते माझ्यासाठी!” एमिल पुढं झाला. “माझं नाव येऊ नये म्हणून!”

“मला कळतंय कुणासाठी ते, मिस्टर युर्को,” मेजर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट थकल्यासारखा होता. “माझ्याकडं येणारी पोरं स्वतःसाठी क्वचितच खोटं बोलतात. आपल्या माणसासाठीच बोलतात. तेच मोडायला मला सगळ्यात कठीण जातं. मी वर लिहिलंय, की या मुलीनं सगळं खरं सांगितलं. त्याखाली माझी सही आहे. परवा त्यांचा फोन आला होता, देऊ या म्हणत होते. आता मला त्यांना दुसरं पत्र लिहावं लागेल.”

मी एमिलच्या कानाशी वाकले. तो म्हणाला, “ऐकू आलं.”

बाई वाईट नव्हत्या. उठून कोरिनसमोर आल्या आणि म्हणाल्या, “या वर्षी नाही. प्रवेश कॉलेजनं दिलाय, तो तुझाच आहे, त्याला मी हात लावत नाही. आलीस तर पहाटे कवायतीला ये. पैसे मिळणार नाहीत. वर्ष काढ. इथं शिकताना पुन्हा अर्ज करता येतो, तेव्हा मी तुला विचारीन आणि तू उत्तर देशील.”

“हो, मॅडम,” कोरिन म्हणाली.

तिथून आम्ही आर्थिक मदतीच्या खिडकीशी गेलो, आता खरोखरच जावं लागलं. मागं चार-पाच पालक रांगेत. खिडकीतल्या तरुणानं संगणकात बघितलं आणि भुवया उंचावल्या. “आजोबा कायदेशीर पालक? कोर्टाचा कागद आहे? अहो, मग तर हिला एकटीलाच हिशेबात धरतात, तुमची कमाई बघतसुद्धा नाहीत. फेब्रुवारीत अर्ज असता तर आम्ही जवळजवळ सगळंच दिलं असतं. शिष्यवृत्ती येणार म्हणून हिच्या नावासमोर आम्ही काही ठेवलंच नाही. आमच्याकडचा पैसा आता संपत आलाय.” मग सहज विचारलं, “अर्ज का नाही केला?”

एमिलनं टोपी फिरवली. मागच्या रांगेकडं एकदा बघितलं.

“लाज वाटली,” तो म्हणाला.

खिडकीतल्या पोरानं कागद पुढं सरकवला. मग म्हणाला, “आता भरा. सरकारी मदत मिळेल. आमच्याकडचं उरलंसुरलं बघतो. बाकीचं कर्ज घ्यावं लागेल हिला, आणि खानावळीत काम.” एमिलनं तिथंच बाकावर बसून अर्ज भरला. कोरिन वाचत होती, तो उत्तरं देत होता. एकाही प्रश्नाला त्यानं उगाच ‘नाही’ म्हटलं नाही.

गाडी महामार्गाला लागली. मग मागच्या सीटवरून पोरगी फुटली.

“मी निभावलं होतं ना! ते देणार होते! तुला कुणी बोलावलं होतं?”

“मला वाटलं, तुझ्यावरचा डाग—”

“तुला वाटलं! तुला वाटलं म्हणून मी ‘नाही’ लिहिलं. तुला वाटलं म्हणून अर्ज केला नाही. तुला वाटलं म्हणून मी खांबावर लटकले. आता तुला वाटलं म्हणून मी दुसऱ्यांदा खोटारडी ठरले. आणि ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी तू बटाटे सोललेस, पॅप!”

ती ढसाढसा रडली. मी गाडी बाजूला घ्यावी का विचार करत होते, पण एमिल म्हणाला, “चालव, लोरेटा.” त्यानं मागं वळून बघितलं नाही. बघायची त्याची हिंमत नव्हती.

उन्हाळाभर दोघं एका घरात राहिले, जेवले, एकमेकांना मीठ दिलं. भांडण म्हणाल तर नव्हतं. ऑगस्टात, जायच्या आदल्या आठवड्यात, कोरिन माझ्याकडं बारवर आली. बोटानं बारवरचा ओला ठिपका पुसत म्हणाली, “लोरेटा, मला तू सोडशील?”

“सोडीन की. एमिल पुढं बसेल, तू मागं सामानात.”

“पॅप नको.”

मी तिच्याकडं बघितलं.

“पहिल्याच दिवशी मेजर मॅडम असणार तिथं. सगळे कॅडेट असणार. मला पुन्हा तिथं पॅपच्या शेजारी नाही उभं राहायचं.” तिचा आवाज बारीक झाला. “मी सांगितलंय त्याला. बरं म्हणाला.”

जायच्या सकाळी एमिलनं सगळं सामान स्वतः गाडीत भरलं. अक्रोडाची पोळी भाजली होती, ती फडक्यात गुंडाळून सगळ्यात वर ठेवली, चिरडू नये म्हणून. टायर लाथेनं तपासले. मग गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. कोरिननं त्याला मिठी मारली, चटकन, आणि आत बसली. मी गाडी सुरू केली तरी त्याचा हात टपावरच होता. मला म्हणावं लागलं, “एमिल, हात.”

वसतिगृहात कोरिनच्या खोलीतल्या मुलीचं अख्खं खानदान आलेलं. आई, बाप, दोन भाऊ, एक आजी चाकाच्या खुर्चीत. आई बोलकी होती. मला म्हणाली, “तुम्ही आजी का?”

“नाही हो. गावची.”

“हिला आजोबांनी वाढवलंय ना? माझी मुलगी सांगत होती. ते नाही आले? तब्येत बरी नाही का त्यांची?”

इतकं सोपं उत्तर त्या बाईनं हातात दिलं होतं. मी तोंड उघडलंही होतं, ‘हो ना, गुडघ्यांनी धरलंय’ म्हणायला. कोरिन उशीचा अभ्रा घालत होती. तिनं उशी खाली ठेवली.

“तब्येत चांगली आहे त्यांची,” ती म्हणाली. “यायचंही होतं त्यांना. मीच नको म्हटलं.”

ती बाई गोंधळली. मुलीच्या बापानं एकदम पडद्याच्या दांडीचा विषय काढला. कोरिनचे कान पेटले होते, पण तिनं मान खाली घातली नाही.

मी परत आले तेव्हा एमिल क्लबाच्या स्वयंपाकघरात होता. शुक्रवार नव्हता, तळायला काही नव्हतं. थंड कढई घासत बसला होता.

“पोचली?”

“पोचली. खोली चांगली आहे. खिडकीतून झाड दिसतं.”

“कुणी विचारलं माझं?”

बारमागं उभं राहून मी पोटभर खोटं बोललेय आयुष्यात. कुणाच्या बायकोला, कुणाच्या नवऱ्याला, आणि दर वेळी भल्यासाठीच. मला सहज जमलं असतं.

“विचारलं,” मी म्हटलं.

“काय म्हणाली ती?” त्यानं उजवा कान माझ्याकडं केला.

मी जसंच्या तसं सांगितलं. तब्येत चांगली आहे. यायचं होतं. मीच नको म्हटलं.

त्यानं कढई खाली ठेवली.

“खरं सांगितलं तिनं,” तो म्हणाला. “लोकांसमोर. मी असा असून.”

मग त्यानं अंगातला एप्रन वर ओढून तोंडाला लावला आणि रडला, आवाज करून, लहान पोरासारखा. तो पुन्हा सरळ वळला होता आणि मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते, बोलले असते तरी त्याला ऐकू गेलं नसतं.